देवाच्या दरबारातील अभंग

श्रोते हो, ख्रिस्ती उपासनेतील आपली आवडती गीते कोणती, असे मला कोणी विचारले, तर माझ्या ओठी प्रथम रेव्हरंड टिळकांचे अभंगच येतात. नारायण वामन टिळक हे कोकणातील चित्पावन ब्राह्मण. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. आणि दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते निवर्तले.

त्यांच्यापूर्वी मराठीत ख्रिस्ती गीते नव्हती असे नाही. परंतु त्यांतील पुष्कळशी विलायती चालींवर बेतलेली. चालीस जेथे जोर हवा तेथे शब्द ऱ्हस्व, आणि शब्द जेथे दीर्घ तेथे चाल घाईत! गाणाराची जीभ अडखळावयाचीच. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्यांनी अभंगच हाती घेतला, आणि भजनास टाळ पुरू लागले. पेटीवाचून अडेना. (पेटीवाल्यांनी रागावू नये.)

सांगलीस माझी आजी पहाटे जात्यावर त्यांतला एक अभंग म्हणे. तिची चाल देवळातल्या चालीहून निराळी, अधिक संथ, दुसऱ्या चरणाशी किंचित थबकणारी. 'उपासना संगीता'त शब्द सुरक्षित आहेत. ते थबकणे मात्र कागदावर उतरलेले नाही. मला ती चाल निम्मीच येते. सातारा-सांगलीकडील कोणा वृद्ध भगिनीस ती पुरी येत असेल, तर तिने निरोप धाडावा. मी टाळ घेऊन तिच्या दाराशी येईन.