फूल पडलेल्या डोळ्याचं प्रेशर

(काचबिंदू सप्ताहानिमित्त मार्च महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत केलेले भाषण)



आज हप्त्याचं बोलणार नाही, घाबरू नका. डोळ्याचं बोलायचंय.

माझ्या आजीच्या उजव्या डोळ्यात फूल होतं. ज्वारी कापताना पात लागली होती. एका शिबिरात हवेचा झोत मारणाऱ्या मशीनवर तिचं प्रेशर पाहिलं. आकडा आला १६. नॉर्मल म्हणाले, आम्ही खूश. दोनेक वर्षांनी उजव्या अंगाला माणूस उभा असला तरी तिला कळेना. "माले कडेनं काहीच दिखस नही," म्हणायची. काचबिंदू निघाला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून नजर येते, काचबिंदूत गेलेली परत येत नाही.

मग तो १६ आकडा खोटा होता का? मशीन खराब नव्हतं. सायकलच्या चाकातली हवा आपण अंगठ्याने दाबून बघतो ना, तसंच हे मशीन बुबुळ दाबून आतलं प्रेशर सांगतं. साधारण १० ते २१ ठीक मानतात. पण हा हिशोब निरोगी बुबुळाचा आहे, जे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं. ट्यूबला जिथे पंक्चरचं ठिगळ आहे तिथेच अंगठा दाबला तर हवा कमी असूनही ती कडक लागेल. फुलाचा व्रण तसाच, आकडा वाढवून दाखवू शकतो. उलट बुबुळ पाणी धरून सुजलेलं असेल तर ते मऊ पडतं आणि आकडा कमी येतो. आजीचं तेच झालं होतं. शिवाय फूल मधोमध असलं की मागची नस डॉक्टरांनाही नीट दिसत नाही.

नंतर मोठ्या दवाखान्यात पेनासारखं छोटं यंत्र बुबुळाच्या स्वच्छ भागावर टेकवून, पुन्हा पुन्हा मोजलं. जाडीही मोजली. तेव्हा खरं कळलं.

म्हणून तपासणीला गेलात की आधीच सांगा, "या डोळ्यात फूल आहे, मार लागला होता." विचारायला लाजू नका, "जाडी मोजली का? नस पाहिली का?" चांगला डोळाही तपासून घ्या. घरात कुणाला काचबिंदू असेल तर बहीण-भाऊ आणि मुलांनीही.

आणि कापसाचं बोंड, मक्याचं पान लागलं तर मेडिकलवरून स्वतःच थेंब आणू नका. काहींमध्ये स्टेरॉइड असतं. लाली जाते, बरं वाटतं, पण बुरशीची जखम असेल तर ती चिघळते. महिनोन्‌महिने टाकले तर प्रेशरही वाढू शकतं. डॉक्टरांनी दिलेले काचबिंदूचे थेंब मात्र मनाने बंद करू नका.

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ज्यांना जायचंय, त्यांनी सीआरपी ताईंकडे आजच नाव द्या. जुने कागद आणि थेंबांची बाटली पिशवीत टाका. मी सोबत येते.