घेगार्द : डोंगराच्या पोटांतील मठ

येरेवान शहर सोडून पूर्वेकडे निघालेली सडक गार्नीचें पुरातन देवालय मागें टाकते आणि आझात नदीच्या दरींत शिरते. दोहों बाजूंचे कडे हळूहळू जवळ येतात व अखेर कड्याला पाठ लावून बसलेला आर्मेनियन भिक्षूंचा घेगार्द मठ दिसूं लागतो.

चौथ्या शतकांत संत ग्रेगरीनें तो स्थापिला अशी परंपरा आहे. घेगार्द म्हणजे भाला. ख्रिस्ताच्या कुशींत खुपसला गेला म्हणून पूज्य मानलेला भाला येथें असे. आतां तो एच्मियाद्झिनला आहे. त्यापूर्वींचें नांव आयरिवांक, म्हणजे गुहांचा मठ. खरें पाहतां तेंच नांव अधिक समर्पक होतें.

बाहेरून मठाचें मर्म कळत नाहीं. तटाची भिंत, आंत १२१५ सालीं बांधलेलें प्रार्थनामंदिर, त्यावर शंकूसारखें शिखर. अशीं मंदिरें आर्मेनियांत पुष्कळ आहेत. परंतु सभामंडपांतील दार ओलांडलें कीं बांधकाम संपतें आणि डोंगर सुरू होतो. खांब, कमानी, घुमट, सारें अखंड पाषाणांतून काढलेलें! एके ठिकाणीं तर खडकांतून झरा वाहतो.

वेरूळचें कैलास लेणें पाहिलेल्या मनुष्यास येथें ओळखीचें कांहीं भेटेल. तेथल्याप्रमाणें येथेंहि काम वरून खालीं झालें, असें मानतात. प्रथम माथ्यावर छिद्र पाडावयाचें, पुढें तेंच घुमटाचें गवाक्ष व्हावयाचें. आणि तेथूनच उतरत उतरत दालन पोखरावयाचें. साम्य मात्र एवढ्यावरच संपतें. वेरूळच्या शिल्पकारांनीं भोंवतालचा डोंगर काढून मंदिर उजेडांत आणलें. येथल्या कारागिरांनीं डोंगर तसाच राहूं दिला आणि केवळ आंतील पोकळी घडविली. छिद्रांतून येईल तेवढ्या प्रकाशांत, खालचा खांब नेमका कोठें उतरणार हें आधींच मनाशीं ठरलेलें असावें लागे. एकदां फोडलेला दगड पुन्हा जोडतां येत नाहीं. १२४० नंतरच्या दशकांत पहिलें दालन कोरणाऱ्या गाल्द्झाकनें तेथेंच आपलें नांव खोदून ठेवलें आहे. तेवढा अभिमान त्याला शोभतो.

पुढें प्रोशियान घराण्यानें मठ विकत घेऊन येथें आपलें दफनस्थान केलें. १२८३ मधील त्या दालनांत साखळीनें जखडलेले दोन सिंह आणि पंजांत कोंकरूं धरलेला गरुड कोरला आहे. समाधीपेक्षां दरबारालाच तें शिल्प अधिक साजलें असतें! १६७९ च्या भूकंपानें मठाची मोठी हानि केली. डोंगरांतलीं दालनें मात्र उभीं आहेत. अर्थात् जीं कोणीं उभारलींच नाहींत त्यांना उभीं म्हणावें तरी कसें?

वरच्या अंगास १२८८ सालचें आणखी एक दालन आहे. तेथें कोणी हलका स्वर लावला तरी तो दगडांत रेंगाळत राहतो. पुढचा स्वर त्याच्यावरच टेकवावयाचा. एका कोपऱ्यांत जमिनीला भोंक आहे. त्यांतून वाकून पाहिलें असतां खालीं प्रोशियानांचें दफनदालन दिसतें.