सुरतेच्या वाटेवर इंग्रजी

नातवंडांना इंग्रजी शिकवायला लंडनची चित्रं कशाला? १६८७ पर्यंत इंग्रज कंपनीचा पश्चिम किनाऱ्यावरचा कारभार आपल्या सुरतेतूनच चाले.

मुलांना कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या कबरस्तानात घेऊन जा. १६६९ साली वारलेले सर जॉर्ज ऑक्झिंडेन तिथे आहेत. ते इथल्या ‘फॅक्टरी’चे प्रमुख होते म्हटलं, की मुलं धुराडं शोधतील. सांगा, तेव्हा फॅक्टरी म्हणजे वखार आणि फॅक्टर म्हणजे कंपनीतर्फे खरेदी-विक्री करणारा माणूस.

माझ्या नातीने ‘सॅक ऑफ सुरत’ वाचून विचारलं, “आजोबा, सुरतेचं दप्तर?” मी हसलो, मग अडखळलो. इथे सॅक म्हणजे शहराची लूट. जानेवारी १६६४ मध्ये ऑक्झिंडेन यांनी वखार राखली. जैन सावकार वीरजी व्होरा यांचं घर मात्र लुटलं गेलं. मी मराठी, मी जैन; शिवराय माझे आणि वीरजीही माझेच. नातीला दोन्ही बाजू सांगितल्या. ‘लूट’ हा शब्दही इंग्रजांनी आपल्याच देशातून नेला, तेही सांगितलं.

एखाद्या रविवारी तुम्हीही मुलांना घेऊन जा. शब्दांचे अर्थ तिथे सापडतील. पुढच्या प्रश्नांची तयारी मात्र घरून करून निघा.