दिवा लागला, आता काय? ट्रॅक डे आणि चेक इंजिन

हा भाग बोललो तसाच लिहून काढलाय, मधले ‘म्हणजे’ आणि चहाचे घोट तेवढे कापलेत.

विषय सरळ आहे. ट्रॅक डेला गाडी नेली, तिसऱ्या लॅपला डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. काय करायचं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रॅक डे म्हणजे रेस नाही. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी बंद सर्किटवर पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये जोरात चालवायची. नंबर नाही, ट्रॉफी नाही. आता आपल्या नागपूरला सर्किट नाही, आणि झिरो माईलवर राहण्याचा तोटा असा की सर्किट सगळ्या बाजूंनी सारखंच लांब. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक घ्या, साधारण अकराशे किलोमीटर. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली, तेही जवळपास तेवढंच. तिथे गाडी रुसली तर घरचा मेकॅनिक फक्त फोनवर. म्हणून आमच्या ग्रुपमध्ये माझं काम ठरलेलं आहे. मी चालवत नाही. मी पिटमध्ये लॅपटॉप घेऊन बसतो. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांचे बग शोधतो, सुट्टीच्या दिवशी मित्रांच्या गाड्यांचे.

आधी जिवाचं बोलू, मग कोडचं.

पिवळा दिवा स्थिर लागला असेल तर वेग कमी करा, तो लॅप आरामात पूर्ण करा, पिटमध्ये या. दिवा लुकलुकत असेल तर तो मिसफायर समजा. म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय पण जळत नाही. ते न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो इतका तापतो की आतली जाळी वितळते. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा, ‘एक लॅप अजून मारतो’ म्हणायचं नाही. आणि गाडी बाजूला घ्यायची वेळ आली तर वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खाली तो कन्व्हर्टर लालबुंद असतो, गवत पेटतं.

लाल दिवा, तेलाच्या किटलीचा, हा वेगळाच विषय. ऑइल प्रेशर गेलं की बेअरिंगं काही सेकंदांत खराब होतात. पण भर वळणात चावी फिरवून इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो. पाय काढा, क्लच दाबा, हात किंवा इंडिकेटर दाखवत रेसिंग लाइनवरून बाजूला व्हा, जमलं तर मार्शल पोस्टजवळ, आणि मग बंद करा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरून आणलं असेल तर ही वेळ सहसा येत नाही. लांब वळणात तेल सम्पच्या एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो, म्हणून गावात चालणारी अर्धी पातळी तिथे चालत नाही.

आता कोड. ओबीडी स्कॅनर लावला, पी०१७१ आलं, गुगल केलं, कोणीतरी म्हणालं ऑक्सिजन सेन्सर बदला. इथेच पैसे जातात. कोड कधीच सांगत नाही की कोणता पार्ट गेला. तो एवढंच सांगतो की ईसीयूला जे अपेक्षित होतं आणि सेन्सरने जे सांगितलं ते जुळलं नाही. पी०१७१ म्हणजे ‘हवा जास्त, पेट्रोल कमी वाटतंय’. त्याचं कारण फाटलेला पाइप असेल, घाण झालेला एअर फ्लो सेन्सर असेल, अशक्त पंप असेल.

नागपूरकरांना हे समजावायला फार लागू नये. ३० मे २०२४ आठवतो का? आपल्या इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ डिग्री दाखवलं. प्रत्येक फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट. आसपासची काही केंद्रं ४४ च्या घरात होती, आणि हवामान खात्याने नंतर सांगितलं की सेन्सरची गडबड होती. गरम तर होतंच भाऊ, पण ५६ नव्हतं. गाडीतही हेच पाहायचं, शेजारचे आकडे काय म्हणतात? आत येणाऱ्या हवेच्या सेन्सरची वायर तुटली की अ‍ॅपवर उणे ४० डिग्री दिसतं, कोड येतो पी०११३. मे महिन्यात वर्धा रोडवर उणे ४० म्हटल्यावर सेन्सर बदलायच्या आधी प्लग हलवून बघायचा, एवढं कोणालाही कळेल. पण आकडा विश्वास बसण्यासारखा असला की आपण तपासत नाही.

दुसरी गोष्ट बऱ्याच चांगल्या चालवणाऱ्यांनाही माहीत नसते. बरेचसे कोड पहिल्याच वेळी दिवा लावत नाहीत. बिघाड एकदा दिसला की ईसीयू तो ‘पेंडिंग’ म्हणून लिहून ठेवतो. गाडी बंद करून पुन्हा चालवली आणि तोच बिघाड परत दिसला, की मग दिवा. ट्रॅक डेला तर प्रत्येक सेशननंतर गाडी बंद होते. म्हणजे दुसऱ्या सेशनला दिवा लागला तर गोष्ट पहिल्या सेशनमध्येच सुरू झालेली असू शकते. म्हणून मी दिवा असो-नसो, प्रत्येक सेशननंतर पेंडिंग कोड वाचतो. दोन मिनिटांचं काम आहे.

आता एक केस सांगतो, जरा सविस्तर. आमच्यातल्या एकाकडे सेकंडहँड टर्बो कूपे आहे, मागच्या चाकांवर चालणारी. कंपनी सांगत नाही, भांडणं होतात. चेन्नईच्या ट्रॅकवर दुपारच्या सेशनला गाडी एकदम मेली, दिवा लागला, परत आल्यावर पी००८७. फ्युएल रेल प्रेशर कमी. तिथल्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्याने फोनवरच निकाल दिला, ‘हाय प्रेशर पंप गेला.’ पार्ट बाहेरून येणार, खर्च एका चांगल्या बाइकएवढा. मित्राचा चेहरा पाहण्यासारखा होता.

मी म्हटलं, थांब बे, आधी फ्रीझ फ्रेम पाहू. कोड पडतो त्या क्षणाचा एक फोटो ईसीयू ठेवतो: वेग, आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड. आरपीएम पाच हजारांच्या वर, लोड भरपूर, तापमान ठीक. यावरून पंप दोषी आहे असंही म्हणता येत होतं, नाही असंही. मग सकाळपासूनचा लॉग उघडला. सरळ रस्त्यावर, जिथे पंपाला सगळ्यात जास्त काम असतं, तिथे ईसीयू जेवढं प्रेशर मागत होता तेवढं मिळत होतं. पंप म्हातारा झाला असता तर आधी तिथे हरला असता. प्रेशर पडत होतं फक्त एका लांब वळणाच्या शेवटी, प्रत्येक लॅपला त्याच जागी. आणि सकाळच्या सेशनमध्ये त्याच वळणावर काहीच नाही.

सकाळी आणि दुपारी काय बदललं? टाकी. पहाटे फुल केली होती, दुपारी काटा पावच्या खाली.

अशा गाड्यांमध्ये मधून प्रोपेलर शाफ्ट जातो, म्हणून टाकी घोड्याच्या खोगिरासारखी दोन बाजूंना लोंबते. पंप एका बाजूला, दुसऱ्या बाजूचं पेट्रोल इकडे ओढून आणायची वेगळी सोय. लांब वळणात पेट्रोल पंपापासून दूर पळतं, पंप हवा गिळतो, पुढच्या हाय प्रेशर पंपाला द्यायला काही नसतं. पंपाचा दोषच नाही.

नुसतं वाटून उपयोग नाही, बग परत काढून दाखवायला लागतो. फुल टाकी करून चार लॅप: प्रेशर सपाट. पेट्रोल पावच्या खाली यायची वाट बघितली, वेग जरा कमी ठेवून पुन्हा दोन लॅप: त्याच वळणात खड्डा. पुरे. आता त्याचा नियम आहे, काटा अर्ध्यावर आला की पेट्रोल. पंप आजही तोच आहे.

लॉग कसा घ्यायचा, हे थोडक्यात. ब्लूटूथचा स्वस्त ईएलएम ३२७ चालतो, पण तो सावकाश आहे. वीस आकडे मागितले तर प्रत्येक आकडा इतक्या वेळाने येतो की वळण निघून जातं. चार-पाचच निवडा: आरपीएम, वेग, संशयित आकडा, आणि त्याचा एक साक्षीदार. फोन झिप असलेल्या खिशात, लॉगिंग पिटमध्येच सुरू करून निघायचं. डॅशवर लटकवलेला फोन ब्रेक मारल्यावर पायाखाली येतो, आणि पेडलखाली फोन म्हणजे काय ते सांगायला नको. साधा स्कॅनर एबीएसचे कोड बहुतेक वेळा वाचत नाही, हेही लक्षात ठेवा. आणखी एक, कर्बवरून जोरात गेल्यावर मिसफायरचा कोड येऊ शकतो, कारण ईसीयू मिसफायर ओळखतो तो क्रँकशाफ्टच्या बारीक धक्क्यांवरून. कर्ब टाळून दोन लॅप मारा, नाही आला तर कॉइल विकत घेऊ नका.

आणि हो, ई२०. सध्या सगळं पाप त्याच्या माथी. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून ई१० वरून ई२० वर आलं की ईसीयूला साधारण चार टक्के पेट्रोल जास्त सोडावं लागतं. हे खरं आहे आणि फ्युएल ट्रिममध्ये दिसतंही. पण पी०१७१ पडायला ट्रिम साधारण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत जावी लागते. उरलेलं कुठून आलं ते शोधा. जुन्या गाडीतले रबरचे पाइप आणि सील यांची काळजी वेगळी, ती करायलाच हवी.

शेवटचं, ‘क्लिअर’ बटण. ते दाबलं की कोडबरोबर फ्रीझ फ्रेमही जातो, म्हणजे वर सांगितलेली अर्धी केस गेली. आधी स्क्रीनशॉट. याचा एक उलटा फायदा आहे: क्लिअर केल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि अ‍ॅपवर ‘रेडी नाही’ असं दिसतं. सेकंडहँड गाडी पाहायला गेलात, दिवा एकही नाही, मालक गोड बोलतोय, आणि चार-पाच तपासण्या रेडी नाहीत? कोणीतरी नुकतंच काहीतरी पुसलंय. विचारा काय पुसलं.

पुढच्या भागात ब्रेक फ्लुइड. तोपर्यंत आपापल्या गाडीत ओबीडीचं सोळा पिनचं सॉकेट कुठे आहे ते शोधून ठेवा. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सापडेल.