लिहिलेले आणि उच्चारलेले क्रियापद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते धडा वाचायला लावीत आणि डोळे मिटून ऐकत. त्या ऐकण्याविषयीच आज थोडे बोलावे म्हणतो.

आपण 'करतो' लिहितो तीन अक्षरांत, उच्चारतो मात्र दोन खंडांत : कर्-तो. 'सरक' हा धातू घ्या. 'सरकला' म्हणताना स-रक्-ला, तर 'सरकून' म्हणताना सर्-कून. धातू तोच, पण प्रत्यय बदलताच तुटण्याची जागा बदलते. पुढे स्वर टिकलेले अक्षर आले, की आधीच्या अक्षरातला 'अ' बहुधा गळतो. शब्दारंभीचा मात्र टिकतो. ही वाट लिपी दाखवीत नाही.

स्पॅनिश भाषेत आघातालाही अर्थ आहे. 'आब्लो'मध्ये पहिल्या खंडावर जोर दिला तर 'मी बोलतो'. शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. तेथे आघात चुकला तर काळ आणि पुरुष दोन्ही बदलतात. मराठीत ते काम प्रत्यय करतात. म्हणून आपल्याकडे उच्चार चुकला तरी अर्थ सहसा बिघडत नाही. बोलणारा तेवढा परका वाटतो.

आणि येथेच माझी एक चूक सांगणे प्राप्त आहे. 1948 पर्यंत सांगली संस्थानात असलेल्या या शहापुरात मराठी आणि कन्नड एकाच गल्लीत नांदत आल्या आहेत. मी नवशिका शिक्षक असताना कन्नड घरातला एक मुलगा 'सरकला' हा शब्द चारही अक्षरे पूर्ण उच्चारून वाचू लागला. कन्नडात अक्षरातला 'अ' असा गळत नाही. मी म्हणालो, "हे मराठी नव्हे." वर्ग हसला. त्या वर्षी तो मुलगा पुन्हा वाचायला उभा राहिला नाही.

पुढे महाविद्यालयात वृत्ते शिकवताना 'सरकला'चे लघु-गुरू फळ्यावर मांडले : ल ल ल ग. चार अक्षरे, चारही पूर्ण. खडू हातातच राहिला. त्या मुलाने लिहिलेले तेच वाचले होते. न लिहिलेले मी त्याला कधी सांगितलेच नव्हते.

शिक्षकमित्रहो, नियम आधी सांगा, चूक नंतर काढा. आणि त्याआधी डोळे मिटून ऐका. गुरुजींना याहून वेगळी आदरांजली मला सुचत नाही.