हप्ता स्वस्त, दवाखाना महाग



अमेरिकेत नोकरदाराला आरोग्य विमा बहुधा कंपनीकडून मिळतो. नोकरी गेली किंवा स्वतःचा धंदा काढला, की तो आपला आपण शोधावा लागतो. आपल्या मराठी घरांत आणखी एक प्रसंग येतो. आईवडील ग्रीन कार्डावर मुलांकडे कायमचे राहायला येतात. पासष्टी उलटली असली, तरी त्यांना मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायलाही पाच वर्षांचा सलग रहिवास लागतो. तोवर काय?

त्यासाठी सरकारी बाजारपेठ आहे, हेल्थकेअर डॉट गव्ह. 'ओबामाकेअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २०१० च्या कायद्यानुसार ती २०१३ मध्ये सुरू झाली. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी यांच्या स्वतःच्या वेगळ्या बाजारपेठा आहेत. विमा खासगी कंपन्यांचाच, नियम मात्र सरकारचे. बहुतेक राज्यांत वयाप्रमाणे हप्ता चढतो, पण आजारामुळे नाही. बाबांची बायपास झाली आहे म्हणून कोणी विमा नाकारू शकत नाही.

तिथे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा योजना दिसतील. या नावांचा डॉक्टरांच्या दर्जाशी संबंध नाही. उपचारांच्या खर्चातला कंपनीचा सरासरी वाटा ब्राँझमध्ये सुमारे ६० टक्के, तर प्लॅटिनममध्ये ९० टक्के, एवढाच फरक.

आपली नजर आधी कमी हप्त्यावर जाते. पण समजा, त्या योजनेचे डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे देऊ लागण्याआधी आपण भरायची रक्कम, ७,००० डॉलर आहे आणि जिन्यावरून पडून हात मोडला. बिल आले ६,००० डॉलर. ते सगळे तुमच्याच खिशातून, वर हप्ता चालूच! म्हणून बारा महिन्यांचा हप्ता आणि वर्षभरात खिशातून जाऊ शकणारी कमाल रक्कम यांची बेरीज करा. वाईटात वाईट वर्षाचा खर्च कळेल. योजनांची तुलना त्या आकड्यावर करा.

उत्पन्न बेताचे असेल, तर सिल्व्हर जरूर पाहा. डिडक्टिबल कमी करणारी सवलत साधारणपणे त्याच योजनांवर मिळते. उत्पन्नाचा अंदाज मात्र प्रामाणिक द्या. हप्त्यातही उत्पन्नानुसार सवलत मिळते, आणि कमी अंदाजामुळे मिळालेली जास्तीची सवलत टॅक्स भरताना परत करावी लागू शकते. आपले डॉक्टर त्या योजनेच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांत, आहेत का, हे योजनेचे पूर्ण नाव सांगून त्यांच्या दवाखान्यात फोनवर विचारा.

नोंदणी १ नोव्हेंबरला उघडते. १५ डिसेंबरपर्यंत निवड केली, तर विमा १ जानेवारीपासून मिळतो. कंपनीचा विमा मध्येच संपला, तर त्यानंतर ६० दिवसांची मुदत असते. आणि नोंदणी झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पहिला हप्ता भरल्याशिवाय विमा लागू होत नाही.