टिळकांचा संसार

कवी म्हणून रेव्हरंड नारायण वामन टिळक महाराष्ट्राला परिचित आहेत. गृहस्थ म्हणून ते कसे होते, हे मात्र लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे कळले.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली टिळकांचा जन्म झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कौल त्यांच्या अंतःकरणाचा होता. किंमत पत्नीलाही मोजावी लागली. लहान मुलाला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या. पण १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने.

त्या घरात पैसा टिकत नसे. हाती असेल ते गरजूला देऊन टिळक मोकळे होत आणि चुलीची चिंता लक्ष्मीबाईंवर पडे. अनाथ मुलांनाही तेथे थारा मिळे. भांडणे, रुसणे आणि पुन्हा एक होणे, असा तो संसार होता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य अपुरे होते. लग्नानंतर ज्या पत्नीला त्यांनी अक्षरे शिकविली, तिनेच ते पुढे नेले.

घरच्यांसाठी टिळकांनी धन ठेविले नाही, लेखणी ठेविली. दिलेले दुःख तेवढ्याने फिटते काय? लक्ष्मीबाईंनी त्याच लेखणीने सुख आणि दुःख दोन्ही लिहिले. काही लपविले नाही आणि प्रेमही उणे होऊ दिले नाही.